उभ्यानं वाचलेलं पुस्तक

रणपिसे बाईंना, गाडीतलं सोडलं तर, बसलेलं मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि तेव्हाही खुर्ची नव्हती, शेणानं सारवलेलं अंगण होतं. ते पुढं सांगतोच. आधी हे लिहायला का घेतलं ते ऐका.

बाईंच्या पुस्तकाची नवी आवृत्ती पुण्याचे एक प्रकाशक काढताहेत. पहिली माझ्या शिरूरच्या छापखान्यात निघाली होती, म्हणून त्यांचा मला फोन. "तांबोळी, लेखिकेचा परिचय पाठवून द्या. दहा ओळी पुरे. जन्म, शिक्षण, पदं, पुरस्कार." बरं म्हटलं आणि कागद घेतला. जन्म शिरूरचा. शिक्षण प्राणिशास्त्रात डॉक्टरेट, विषय उसातला बिबट्या. नोकरी दौंडच्या कॉलेजात. पुरस्कार काही नाही. झालं! चार ओळींत बाई संपल्या. माझं डोकंच फिरलं. जी बाई सबंध शिरूर-दौंड पायाखाली घालून बसली... बघा, 'बसली' लिहिलं. ती बसायचीच नाही. तर म्हटलं, परिचय गेला खड्ड्यात, मला आठवतं ते लिहितो. त्यांना छापायचं तर छापतील.

बाईंना जाऊन वर्ष होत आलं. आजारपण फार नव्हतं. पडून राहणं त्यांना जमलंच नसतं.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मी एका लग्नपत्रिकेवर वैतागलो होतो. नवऱ्यामुलाच्या मामांची नावं संपता संपत नव्हती. तेवढ्यात दारातून कॉटनच्या साडीतल्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई आल्या आणि कागदाच्या गठ्ठ्यावर धप्पकन एक जाडजूड ग्रंथ आदळला.

"सलीम तांबोळी तुम्हीच ना? हा माझा प्रबंध. इंग्रजीत आहे. आत्तापर्यंत तिघांनी वाचलाय. एक मी, दोन परीक्षक. त्यातल्या एकाबद्दल मला शंका आहे."

मी हसलो. त्या नाही हसल्या.

"बिबट्याच्या शेजारी मी राहत नाही, वस्तीवरची माणसं राहतात. मग हे त्यांना नको कळायला? मराठीत पुस्तक करायचंय. माझ्या रूथआत्याला कळेल असं."

"करू की. मजकूर कुठंय?"

"लिहिते ना. तोवर तुम्ही कागद आणा."

आता सांगा! मजकुराचा पत्ता नाही आणि कागद आणा. मी खुर्ची पुढं सरकवली. तिच्यावर त्यांनी पिशवी ठेवली आणि मशीनभोवती चालत राहिल्या. पुढं कैक वर्षं त्या खुर्चीवर पिशवीच बसली. प्रूफं वाचायच्या त्या चालत. चहा घ्यायच्या चालत, तोही पार निवल्यावर, कारण कप कुठंतरी ठेवून विसरायच्या. पेन शोधायच्या टेबलाखाली, पेपरखाली, माझ्या कानामागं. ते त्यांच्याच अंबाड्यात खोवलेलं असायचं. माझा मशीनमन त्यांना "चक्की" म्हणायचा. त्यांच्या पाठीमागं, अर्थात.

बाई मिशन कंपाउंडातल्या. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडीलही मास्तर. घरी आता त्या आणि रूथआत्या, दोघीच. नाताळला आमच्याकडं करंज्यांचा डबा यायचा, ईदला आमचा शिरखुर्मा त्यांच्याकडं जायचा. रूथआत्या सांगायच्या, ही लहानपणी संडेस्कूलमधून हाकललेली पोर. पाळकसाहेब म्हणाले, बायबलातला योना माशाच्या पोटात राहिला, तर ही बाकावर उभी राहून म्हणाली, "कशावरून?"

हे 'कशावरून' बाईंनी जन्मभर सोडलं नाही. भाजीवाली म्हणाली वांगी ताजी आहेत, कशावरून? मी म्हणालो शाई सुकलीय, कशावरून? आणि बोट लावून बघायच्या. कॉलेजातली पोरं तर लांबून दिसल्या की आपापसात 'कशावरून' म्हणून खिदळायची. बाईंना ते ठाऊक होतं. "चांगलंय की," म्हणायच्या, "चेष्टेत का होईना, प्रश्न तर विचारतात."

आमच्याकडची गोष्ट बाहेरच्याला चटकन कळायची नाही. सगळीकडं ऊस. उसात बिबट्या, आणि आता तो पाहुणा नाही, त्याची पिलंही उसातच होतात. त्यांना डोंगर म्हणजे काय ते ठाऊक नाही. वस्तीवरचं माणूस त्याला वाघच म्हणतं. अंधार पडायच्या आत पोरं घरात. कुत्री एकेक करून गेलेली. कुणी बाई गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून खुरपायला चाललीय. आणि मोबाईलवर दिवसभर व्हिडिओ. अशा जिवाला घोर लागलेल्या माणसांत पुस्तक घेऊन जायचं, हे काय खायचं काम होतं?

सणसवाडीचंच घ्या. तिकडं कंपन्या. बाहेरून आलेली कामगार पोरं भाड्याच्या खोल्यांत राहतात. एकदा तिथं बोंब उठली की बिबट्या आला, व्हिडिओ आहे. पोरं शिफ्टला जाईनात. बाईंना कळलं आणि मला म्हणाल्या, "सलीमभाई, गाडी काढा." मी म्हणालो, मशीन चालू आहे. त्या म्हणाल्या, चालू दे, त्याला कुठं यायचंय? गेलो बापडे. खोल्यांपुढं पोरांचा घोळका. बाई टाकीच्या पायरीवर चढल्या आणि सुरू झाल्या. त्यांचं हिंदी म्हणजे तौबा. "ये किसने देखा?"

"सबने देखा, मॅडम."

"सबने मोबाईल में देखा. बिबट्या को किसने देखा? ये व्हिडिओ तुमको किसने भेजा?"

याला त्यानं पाठवला, त्याला तिसऱ्यानं. बाई एकेकाचा मोबाईल बघत खोलीखोलीतून फिरत सुटल्या. मी मागं, घोळका माझ्या मागं. शेवटी कोपऱ्यातल्या खोलीत एक बिहारी पोरगा दाढी करत होता. तो घाबरून म्हणाला, "मैडम, ई तो हमरे गाँव के ग्रुप में आया था. हम तो बस हँसी में डाले थे." म्हणजे बिबट्या आला होता तो बिहारातून, तोही मोबाईलमधून. सगळी खोली फुटली हसून. कुणीतरी त्याच्या टाळक्यात मारली. मग पोरांनी चिखलातला एक ठसा दाखवला, तर त्यात नखं उमटलेली. बाई म्हणाल्या, बिबट्या मांजरासारखा नखं आत घेऊन चालतो, हा तुमचा कुत्रा आहे. कुत्रा तिथंच शेपूट हलवत होता.

येताना मी म्हणालो, "बाई, काम फत्ते." त्यांचा चेहरा मात्र कडू. "कसलं फत्ते? आता खरा आला तरी ही पोरं हसतील. हे कसं लिहायचं, सलीमभाई? भीती घालवावी तर सावधपणा जातो." आणि खिडकीच्या काचेवर बोटांनी टकटक करत राहिल्या, शिरूर येईपर्यंत.

वरवंडला सभागृहात भाषण होतं तेव्हाची गोष्ट. पुढच्या रांगेतले एक पुढारी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, आदी येक सांगा, तुमी वाघाच्या बाजूच्या का आमच्या?" टाळ्याच पडल्या की हो. बाई टाळ्या थांबेपर्यंत व्यासपीठावर येरझाऱ्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, मी त्याची वकील नाही, शेजारीण आहे. तुमच्यासारखीच. माझी मोती कुत्री आमच्या कंपाउंडातून त्यानंच नेली. मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची विष्ठा गोळा केली, तो काय काय खातो ते बघायला. तीत मोतीचे केस होते." पुढारी खाली बसले. नंतर दारात येऊन म्हणाले, "बाई, आमच्या वस्तीव येता का?"

असं वस्तीवर जायचं सुरू झालं, आणि तिथंच बाईंची ती पद्धत ठरली. लिहिलेलं प्रत्येक प्रकरण छापायच्या आधी वस्तीवर जाऊन, अंगणात उभं राहून, मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यांना एकच नियम. पटलं नाही, कळलं नाही, नुसता कंटाळा आला तरी म्हणायचं, "थांबा बाई." तिथं बाई तांबड्या पेनानं खूण करणार आणि घरी जाऊन वाक्य नव्यानं लिहिणार. "जे वाक्य उसाच्या कडेला उभं राहून वाचता येत नाही," त्या म्हणायच्या, "ते माझ्या पुस्तकात नको."

भीमेच्या अंगाला एक वस्ती आहे, न्हावऱ्याहून चौफुल्याकडं जाताना आत वळावं लागतं. तिथं पहिलं वाचन. दिवस कललेला, बायका धारा काढून आलेल्या, पुरुष अजून विहिरीवरच्या मोटारीच्या लाइटीची वाट बघत. बाई वाचू लागल्या: "माणसांचा वावर आणि आवाज असताना बिबट्या सहसा दूर राहतो, मात्र माणसांना सरावलेला बिबट्या, किंवा पिलं जवळ असलेली मादी, याला अपवाद ठरू शकते, असे उपलब्ध नोंदींवरून म्हणता येईल..."

"थांबा बाई." ओट्यावर तंबाखू मळत बसलेले एक आबा होते, वस्तीतले थोरले. "म्हंजी येतो म्हंताय का न्हाई येत म्हंताय? येक काय ते सांगा. आमाला पानी धराय जायाचं अस्तंय."

अंगण हसलं. मंगलाबाई म्हणून एक होत्या, तोंडानं फाटक्या आणि मनानं मोकळ्या. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आबा, त्यांचं बी तुमच्यावानीच हाय. हो बी म्हनायचं, न्हाई बी म्हनायचं." आणखी हशा.

बाई परतताना गाडीत नुसत्या उकळत होत्या, आनंदानं. "आबांनी माझ्या वाक्यातली हवाच काढली! बघितलंत? इतकी वर्षं मी काय लिहीत होते? 'सहसा', 'बहुधा', 'म्हणता येईल'! परीक्षकाच्या भीतीनं लिहिलेले शब्द हे. कुणी पकडू नये म्हणून." त्या रात्रीपासून त्यांनी तांदळातले खडे वेचावे तसे हे शब्द वेचायला घेतले. प्रकरण कसं लखलखीत व्हायला लागलं! मी तर खूष. छापणाऱ्याला आखूड वाक्य आवडतं. ते वाक्य आता झालं: "आवाज असेल तिथं बिबट्या येत नाही." पुढच्या खेपेला बाईंनी ते वाचलं आणि आबा म्हणाले, "ह्ये कसं! आता डोस्क्यात बसलं." कुणी थांबा म्हणालं नाही. वेचून टाकलेल्या खड्यांत थोडे तांदूळही होते, हे त्या अंगणात कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पुस्तक छापायला घेतलं. फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे मोठे कागद, छापून, घड्या घालून तयार. फक्त शिवण आणि कव्हर बाकी. बाई सकाळपासून छापखान्यात, नेहमीसारख्या मशीनभोवती. एक फर्मा हातात घेऊन वास घेत होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वस्तीवरून.

मंगलाबाई गुरांसाठी घास कापायला गेल्या होत्या, उसाच्या कडेला. भरदिवसा. एकट्याच. निघताना सून म्हणाली, आत्याबाई, थांबा, मी येते. तर या म्हणाल्या, "काय व्हत न्हाई. बाईंनी सांगितलंय न्हवं, आवाज आसला म्हंजी येत न्हाई." मोबाईलवर गाणं लावलं, मोठ्यानं, मोबाईल बांधावर ठेवला आणि वाकून घास कापू लागल्या. उसात मादी होती, पिलांपाशी. तिनं झडप घातली ती खांद्यावर. मंगलाबाईंनी विळा फिरवला, बोंब मारली, माणसं धावली, म्हणून जीव वाचला. खांदा मात्र फाटला. माणसं पोचली तेव्हा बांधावर गाणं चालूच होतं, असं त्या फोन करणाऱ्यानं सांगितलं. त्याला काय ते सांगायची गरज होती? पण सांगितलं.

बाईंनी फोन ठेवला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्या जागच्या जागी निश्चल उभ्या राहिलेल्या पहिल्यांदा पाहिल्या. मग म्हणाल्या, "थांबा."

मशीनमननं मशीन बंद केलं. तसं त्यावर दुसऱ्याच कुणाचं काम चालू होतं. तरी बंद केलं.

त्यानंतरचे दिवस काही विचारू नका. बाई शिरूर-दौंड करत होत्या, दवाखान्यात जात होत्या, मंगलाबाईंचा मुलगा संतोष त्यांना दारातूनच परत लावत होता. वस्तीवर लोक खवळलेले. कुणी म्हणे पुस्तक जाळा, कुणी म्हणे बाईलाच उसात सोडा. पुण्याहून त्यांच्या एका जुन्या प्राध्यापकांचा फोन आला. स्पीकरवर होता, मी ऐकला. "शलोमी, तू उगाच मनाला लावून घेतेस. प्रबंधात तू बरोबरच लिहिलंयस. सर्वसामान्यांसाठीच्या पुस्तकात एवढं सोपं करावंच लागतं. चालतं."

बाई म्हणाल्या, "प्रबंधात चुकले असते तर माझी डॉक्टरेट गेली असती, सर. इथं त्यांचा खांदा गेलाय. मग नीट कुठं लिहायचं, तुम्हीच सांगा." आणि फोन बंद केला.

मी म्हणालो, "बाई, पण ते आबाच म्हणाले होते ना, एक काय ते सांगा म्हणून?"

"आबांनी विचारलं," त्या म्हणाल्या. "लिहिलं मी."

मंगलाबाई घरी आल्याचं कळलं तशा दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, गाडी काढा. मला खरं सांगायचं तर जायचं नव्हतं. माणसं रागात असली की विद्वान आणि ड्रायव्हर यांत फरक करत नाहीत. पण बाईंना एकटं कसं सोडायचं? गेलो. वाटेत त्यांच्या मांडीवर तो छापलेला फर्मा, त्याच्या कडा त्या दुमडत होत्या, उलगडत होत्या.

अंगणात पोचलो आणि संतोष आडवाच आला. चांगला उंचापुरा गडी, डोळे लाल. "बाई, पाया पडतो तुमच्या. निघा हितनं. तुमच्या पुस्तकापायी आईचा हात निकामी झाला. आता काय आनिक वाचाय आलाय?"

"हो," बाई म्हणाल्या. "वाचायलाच आलेय. जे वाचलं होतं तेच. एकदाच. मग जाते."

माणसं गोळा झाली. आबा ओट्यावर होते, मान खाली. बाई बरोब्बर त्याच जागी उभ्या राहिल्या आणि वाचलं: "आवाज असेल तिथं बिबट्या येत नाही." मग त्यांनी प्रबंधाचं पान काढलं आणि तिथलं लांबलचक वाक्य मराठीत वाचलं, मघाचंच, सहसा आणि अपवाद आणि पिलं जवळ असलेली मादी. "मला हे ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "ऐकायला जड वाटतं म्हणून मी ते काढून टाकलं. तुम्ही माना डोलावल्यात आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यापायी हे झालं. मंगलाबाई, माझं चुकलं."

गोठ्यात म्हैस तेवढी साखळी ओढत होती. संतोष पुढं सरकला. तेवढ्यात आतून, पडवीतल्या बाजेवरून आवाज आला.

"संत्या, हो बाजूला. येऊ दे तिला."

बाई पडवीपाशी गेल्या. मंगलाबाई बाजेवर, खांद्यापासून कोपरापर्यंत पट्ट्या, चेहरा निम्मा झालेला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"मंग आता काय लिवनार?" मंगलाबाईंनी विचारलं.

"लिहीन की आवाज असला तरी बिबट्या येऊ शकतो. आवाजावर विसंबू नका."

त्या फाटक्या तोंडाच्या बाईनं, त्या दुखण्यातसुद्धा, विचारलं, "कशावरनं?"

ओट्यावरचे आबा आधी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. बाई मात्र मटकन खाली बसल्या. बाजेपाशी, सारवलेल्या जमिनीवर, मांडी घालून. एवढ्या वर्षांत बसलेल्या पाहिल्या त्या हीच एक वेळ. "तुम्ही सांगा," म्हणाल्या. "तुमच्यावरून. काय झालं ते पहिल्यापासून सांगा. मी एकही शब्द काढणार नाही."

आणि मंगलाबाई सांगत गेल्या. बाई मधेमधे विचारत होत्या, वाकला होतात की उभ्या? वारं कुठलं? कुत्रं आधी भुंकलं का? कधी मंगलाबाई रडत होत्या, कधी चिडत होत्या, एकदा तर त्या मोबाईलवरच्या गाण्याला त्यांनी अशी शिवी हासडली की संतोषसुद्धा हसला. दिवस मावळला तरी बाई उठल्या नाहीत. निघताना विचारलं, "तुमचं नाव घालू का पुस्तकात?"

संतोष म्हणाला, "नको. गावभर शोभा व्हईल."

"घाला," मंगलाबाई म्हणाल्या. "नाव आसलं म्हंजी कुनी बी म्हनंल, ही कोन, हिला इचारू या. मी हाय की सांगाय."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात नवंच भांडण. चुकीचे फर्मे मी रद्दीत द्यायचं म्हणत होतो, भेळवाले तयारच असतात. बाई कडाडल्या, "भेळीच्या कागदातूनसुद्धा हे वाक्य कुणाच्या हातात जायला नको!" मग त्या फर्म्यांची कटिंग मशीनवर बारीक कात्रणं होईपर्यंत स्वतः उभ्या राहिल्या, गठ्ठ्यामागून गठ्ठा. शेवटचा गठ्ठा कापला तेव्हा त्यांच्या अंबाड्यातसुद्धा कात्रणं अडकली होती, पेनाशेजारी. मी ते सांगितलं नाही. तशाच बसस्टँडवर गेल्या.

पान नव्यानं लागलं. बाईंनी चुकीचं वाक्य लपवलं नाही, वर तसंच ठेवलं. त्याखाली लिहिलं की हे मी वस्तीवर वाचून दाखवलं होतं आणि हे चूक आहे. मग मंगलाबाईंचं सगळं सांगणं, त्यांच्या शब्दांत, त्या शिवीसकट. शिवी काढू या असं मी सुचवून पाहिलं. बाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं. शेवटी साध्या चार ओळी: आवाज करा, पण आवाजावर विसंबू नका. उसाच्या कडेला एकट्यानं वाकून काम करू नका. एक वाकला तर दुसऱ्यानं उभं राहून उसाकडं बघावं. पिलं दिसली तर मागं फिरा, त्यांची आई जवळच असते.

हे छापण्याआधी परत वस्तीवर वाचायला हवंच होतं. नियम म्हणजे नियम. मी गाडी काढली. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्याच संध्याकाळी, कारण पुढल्याच आठवड्यात त्या आजारी पडल्या, थोड्या दिवसांत गेल्याही, आणि पुस्तक बांधून झालं तेव्हा रूथआत्याच घ्यायला आल्या. आम्ही दोघं त्या गठ्ठ्यापाशी उभे राहिलो आणि कुणालाच खुर्चीवर राहून गेलेली त्यांची पिशवी उचलवेना. तसलं वर्णन मला जमणार नाही. संध्याकाळचंच सांगतो.

वस्तीवर लाइट गेलेली. अंधारून आलेलं, उसातून कसली तरी सळसळ, आणि प्रत्येक सळसळीला सगळ्यांच्या माना तिकडं. बाईंना कागद दिसेना. संतोषनं न सांगता घरातून मोठी बॅटरी आणली आणि त्यांच्या पानावर धरली. पण बाई एका जागी थोड्याच थांबतात? त्या वाचत वाचत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला, आणि हा उंचापुरा गडी बॅटरी घेऊन त्यांच्या मागं. शेवटी वैतागून म्हणाला, "आवो बाई, येका जागी हुब्या ऱ्हावा की! उजेड कुटं कुटं धरू?" बाया हसल्या. बाईंनी हात नुसता हलवला आणि चालतच वाचत राहिल्या.

ते पान आलं. त्यांनी चुकीचं वाक्य वाचलं, थांबल्या. खालचं वाचलं. मंगलाबाईंचं नाव वाचलं, त्यांचं सांगणं वाचलं, शिवी वाचली, मिशन कंपाउंडात वाढलेल्या तोंडानं, खणखणीत. चार ओळी वाचल्या. पान संपलं आणि त्यांनी मान वर केली. बॅटरीचा उजेड त्यांच्या तोंडावर. इतकी घाबरलेली बाई मी पाहिली नाही, परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरीसारखी. त्या वाट बघत होत्या, कुणीतरी 'थांबा बाई' म्हणेल.

आबांनी तंबाखू मळायची थांबवली. कुणीच बोललं नाही.

मंगलाबाईंनी चांगल्या हातानं पदर सावरला.

"म्होरं वाचा," त्या म्हणाल्या.

बाईंनी पान उलटलं आणि चालू लागल्या. संतोष बॅटरी घेऊन मागोमाग.